साठ पैशांची गॅलरी



कोल्हापुरात येऊन फुटबॉलवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी माझ्यापेक्षा जास्त मॅचेस पाहिल्यात, आणि शेवटच्या रांगेतल्या मंडळींनी त्यातल्या काही बंद पाडल्यात, असं मघाशी चहा पिताना माझ्या कानावर घालण्यात आलंय. (हशा) तेव्हा पाटाकडील, शिवाजी हे तुमचे संघ आणि शाहू स्टेडियम या विषयांना मी हात लावणार नाही. मला रात्रीच्या गाडीने परत जायचंय. मी बोलणार आहे कलकत्त्याबद्दल. १९७० ते १९७५ या सहा वर्षांबद्दल, आणि त्या सहा वर्षांत मोहन बागानच्या गॅलरीत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींची एक तक्रार असायची. खेळाचा इतिहास कपाटातले कप मोजून लिहिला जातो, म्हणायचे. कप ज्याच्या घरी गेला त्याची गोष्ट. मग ज्याच्या घरी गेला नाही, आणि तरी जो पुढच्या शनिवारी परत मैदानावर आला, त्याची गोष्ट कोणी लिहायची? त्यांच्या त्या तक्रारीला आज थोडं उत्तर द्यावं असा विचार आहे. दोन मुद्दे आहेत. हरणं म्हणजे नेमकं काय, हा पहिला. आणि तो काळ दंग्याधोप्याचा होता. तो दंगा म्हातारपणी आठवताना आपण त्याचं काय करतो, हा दुसरा. तिसराही एक आहे, पण तो अध्यक्षांच्या घड्याळावर अवलंबून.

आधी मी यात कसा सापडलो ते सांगतो. शिकायला मुंबईत असताना कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जायचो. रोव्हर्स ही जुनी स्पर्धा, १८९१ पासूनची. देशभरातले संघ यायचे, आणि बंगालचे संघ आले की दादर-खारपासूनचे सगळे बंगाली कूपरेजवर लोटायचे. त्यात सिनेमातली मंडळी असत. सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे, मन्ना डे मोहन बागानचे. एकाने चाल बांधायची, दुसऱ्याने गायची, आणि मॅचच्या दिवशी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, असा मामला. आता मी पाहिलं काय? १९७० चा रोव्हर्स मोहन बागानने जिंकला. १९७१ चा मोहन बागानने जिंकला. १९७२ ला दोघांनी वाटून घेतला. म्हणजे माझ्या डोक्यात मोहन बागान हा जिंकणारा संघ. आणि १९७३ मध्ये बँकेने मला कलकत्त्याला धाडलं.

उत्तर कलकत्त्यात, श्यामबाजारच्या पुढे एका मेसमध्ये खोली मिळाली. कलकत्त्यातली मेस म्हणजे नुसती खानावळ नव्हे. राहणं, जेवणं, भांडणं सगळं तिथंच. पहिल्या रात्री जेवताना मी आपलं कौतुकाने सांगितलं, की तुमच्या मोहन बागानला मी कूपरेजवर कप घेताना पाहिलंय. पंगत गप्प झाली. ज्यांना सगळे मेजदा म्हणत, ते रेल्वेतले कारकून, माशाचा काटा बाजूला काढत म्हणाले, ‘लीग सांगा. लीग कोणाकडे आहे?’ कोपऱ्यातले बारिशालचे गृहस्थ, तेवढे एकच ईस्ट बंगालवाले, हसू दाबत भाताकडे बघत होते.

लीग, म्हणजे कलकत्ता लीग, कोणाकडे होती? १९७० ला ईस्ट बंगाल. १९७१ ला ईस्ट बंगाल. १९७२ ला ईस्ट बंगाल, आणि तीही अख्ख्या लीगमध्ये एकही गोल न खाता! १९७३, १९७४, १९७५, पुन्हा ईस्ट बंगाल. सहा वर्षं सलग. मोहन बागानने त्या काळात मुंबईत कप जिंकले, १९७४ ला दिल्लीत ड्युरँड जिंकला. देशात दुसरा कुठलाही क्लब असता तर मिरवणूक काढली असती. पण श्यामबाजारात सुतक होतं.

इथं माझा पहिला मुद्दा येतो. आपण म्हणतो, अमुक संघ हरत होता, रखडत होता. कशावरून? गुणतक्त्यावरून? तक्ता काढून बघा, मोहन बागान कधी तळाला नव्हता. तळाला कोण असायचं ते मोती नंदींच्या कादंबऱ्यांत वाचा. ते ‘आनंदबाजार’ दैनिकाचे क्रीडा संपादक आणि कसलेले कादंबरीकार. त्यांच्या ‘स्टॉपर’मध्ये एक वयस्कर बचावपटू एका फाटक्या क्लबासाठी शेवटची मॅच खेळतो. तसे फाटके क्लब मैदानावर पुष्कळ होते, त्यांचे समर्थक हरायचे आणि घरी जाऊन झोपायचे. मोहन बागानवाला झोपू शकत नव्हता. का? कारण हार तक्त्यात नसते. हार शेजाऱ्याच्या दारात असते. सकाळी दात घासताना, बाजारात, ट्रामच्या दांड्याला लोंबकळताना, ऑफिसात शेजारच्या टेबलावर, जिथं तिथं ज्याच्याशी ईर्षा आहे तो जिंकून बसलेला. आणि कोल्हापुरात ‘ईर्षा’ म्हणजे काय ते मी सांगायला नको.

हा शेजारी कोण होता, ते थोडं बाहेरच्यांसाठी सांगतो. पश्चिम बंगालातला मूळचा माणूस तो घोटी. पूर्व बंगालातून आलेला तो बांगाल. मोहन बागान घोटींचा, स्थापना १८८९ ची, हिरवा-मरून. ईस्ट बंगाल बांगालांचा, १९२० चा, लाल-सोनेरी. फाळणीनंतर लाखो माणसं सगळं सोडून इकडे आली, स्टेशनच्या फलाटांवर राहिली, शहराच्या कडेला वसाहती करून राहिली. गाव गेलं, शेत गेलं, पुकूर, म्हणजे तळं, गेला. उरलं काय? एक क्लब. तो जिंकला की त्या दिवशी इलिश माशाचा भाव चढायचा. मोहन बागान जिंकला की चिंगडीचा, म्हणजे कोळंबीचा. हे आजही सांगतात, आणि मासळीवाले अजून त्याचा फायदा घेतात.

आता यातली गंमत बघा. मोहन बागानचा देव कोण? गोष्ठ पाल, बचावातली भिंत. जन्म फरीदपूरचा, म्हणजे पूर्व बंगाल! दुसरा देव चुनी गोस्वामी. जन्म किशोरगंजचा, तोही आजच्या बांगलादेशात. (आपल्याला चुनीबाबू आणखी एका कारणाने माहीत असायला हवेत. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कप्तान तेच होते, आणि मुंबईकडून हरले.) म्हणजे घोटींचे देव बांगाल. मेजदांना हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, देवाचं गाव विचारत नाहीत.

बरं, मैदानाकडे जाऊ. कलकत्त्याचं मैदान लष्कराच्या ताब्यातलं. पक्कं बांधकाम करायची परवानगी नाही, म्हणून एवढ्या मोठ्या क्लबांची कचेरीसुद्धा नावाला तंबू. त्याला ‘टेन्ट’च म्हणतात. गॅलऱ्या लाकडी. लीग भर पावसाळ्यात, जून-जुलै-ऑगस्टात, चिखलात. सगळ्यात स्वस्त तिकीट साठ पैशांचं. त्या साठ पैशांच्या रांगेत सकाळीच जाऊन उभं राहायचं, दुपारी घोडेस्वार पोलीस रांग सरळ करायला येणार, घोडा अंगावर आला की रांग मोडणार, आणि ज्याने सकाळपासून जागा धरली तो मागे फेकला जाणार. ज्यांच्याकडे साठ पैसेही नाहीत ते फोर्ट विल्यमच्या बाजूच्या उंचवट्यावर उभे राहायचे. तिथून अर्धं मैदान दिसायचं. उरलेलं अर्धं गॅलरीच्या आवाजावरून समजून घ्यायचं. जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी आकाशवाणी: अजय बसू, पुष्पेन सरकार, कमल भट्टाचार्य. पानाच्या ठेल्यावर एक ट्रान्झिस्टर आणि भोवती पन्नास माणसं. मला बंगाली कळायला लागलं ते या तिघांमुळे, बँकेच्या भाषावर्गामुळे नव्हे.

हरणाऱ्यांच्या गॅलरीत उभं राहायचं असेल तर छत्री न्यायची नाही, हा मेजदांचा नियम. छत्री उघडली की मागचा शिव्या घालतो, मिटली की पुढच्याला टोचते आणि तो शिव्या घालतो. पलीकडच्या बाजूला ईस्ट बंगालवाले मात्र जिंकले की वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून पेटवायचे. मशाल ही त्यांची खूण. पावसाळी संध्याकाळी, अंधारून आल्यावर, समोरची गॅलरी पेटलेली दिसायची. मेजदा म्हणायचे, आज पुन्हा आनंदबाजारचा खप वाढला.

आणि शहरात काय चाललं होतं? हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नुसतं ‘दंग्याचा काळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाटल्या आणि चपला येतात. कलकत्त्यात त्या वर्षांत नक्षलवादी चळवळीचा भर होता. गल्ल्यांत पेटो फुटत होते. पेटो म्हणजे हातबॉम्ब, घरगुती. कॉलेजातली पोरं नाहीशी होत होती. ऑगस्ट १९७१ मध्ये बारानगर-काशीपूर भागात पोरांना घराघरांतून काढून मारलं. त्याच ऑगस्टमध्ये मोहन बागानच्या मैदानावर एक वेगळीच मॅच झाली. पूर्व पाकिस्तानातून निसटून आलेल्या फुटबॉलपटूंनी ‘स्वाधीन बांग्ला’ संघ केला होता. स्वातंत्र्यलढ्यासाठी पैसे उभे करत ते भारतभर खेळत होते. देशालाच मान्यता नाही, मग त्यांच्या संघाशी अधिकृतपणे खेळणार कोण? मोहन बागानचे खेळाडू ‘गोष्ठ पाल एकादश’ असं नाव लावून मैदानात उतरले. कप्तान चुनी गोस्वामी. घोटींचा क्लब बांगालांच्या देशासाठी खेळला. एकाच महिन्यात, एकाच शहरात, ही मॅच आणि ती कत्तल. तेव्हाचा समर्थक या दोन्हींमधून चालत मैदानावर येत होता.

तरी तो मैदानावर का येत होता? मला बऱ्याच जणांनी एकच उत्तर दिलं, वेगवेगळ्या शब्दांत. संध्याकाळी घराबाहेर असण्याचं ते एक सबळ कारण होतं. पोलिसाने हटकलं तर सांगता यायचं, मोहन बागानची मॅच बघून येतोय. पोलीस घोटी असला तर सोडायचा. बांगाल असला तर स्कोअर विचारायचा आणि मग सोडायचा. यातलं खरं किती, मीठमसाला किती, तुम्ही ठरवा.

आता ३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्डचा अंतिम सामना.

शील्ड म्हणजे मोहन बागानचा स्वाभिमान. १९११ मध्ये याच शील्डच्या अंतिम सामन्यात अकरा बंगाल्यांनी, दहा जण अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं होतं. साहेबाला हरवता येतं हे त्या दिवशी अख्ख्या देशाने वाचलं. तेव्हा लीग गेली तर गेली, १९११ ची शील्ड आपली, हे त्या सहा वर्षांतलं शेवटचं समाधान असायचं. आणि आता त्याच शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला हरवलं ५-०.

पाच! सुरजित सेनगुप्ता एक, श्याम थापा दोन, रंजित मुखर्जी एक, शुभंकर सन्याल एक. मोहन बागानचा गोलरक्षक भास्कर गांगुली, कोवळा पोरगा. चार गोल झाल्यावर त्याला बाहेर काढलं. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी, सामन्याआधी खेळाडूंना बोलून बोलून पेटवायचे, आणि त्या बोलण्यालाच मैदानावर ‘वोकल टॉनिक’ असं नाव पडलं होतं. सामना संपल्यावर मोहन बागानचे समर्थक टेन्टभोवती जमले. काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत होडीवर काढली, असं सांगतात. घरी जायची सोय नव्हती.

ते ५-० मुंबईपर्यंत गेलं. सचिनदेव बर्मन तेव्हा बेशुद्धावस्थेत होते. मुलगा राहुलदेवने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच गोलांनी हरवलं, आणि बर्मनदांनी डोळे उघडले, असं सांगतात. ३१ ऑक्टोबरला ते गेले. ही गोष्ट खूप छापून आलेली आहे, खूप गोड आहे, आणि ऐकणारा नेहमी हसतो. मीही हसतो. पण त्याच ५-० ची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या पराभवानंतर आत्महत्या केली. पुढच्या जन्मी मोहन बागानचा चांगला खेळाडू होऊन येईन आणि याची भरपाई करीन, अशा अर्थाचं काहीतरी त्याने लिहून ठेवलं होतं.

मित्रहो, माझा दुसरा मुद्दा इथून सुरू होतो. ही दुसरी गोष्ट पुढे कशी सांगितली गेली? ‘निष्ठा’ म्हणून. क्लबवर जीव ओवाळणारा भक्त म्हणून. मी हे टेन्टमध्ये ऐकलंय, लेखांत वाचलंय, भाषणांत टाळ्या घेताना पाहिलंय. एक पोरगा मेला. त्याच्या आईला निष्ठेचं काय करायचं होतं? तो मेला कारण त्याला कोणी सांगितलं नाही की पुढच्या शनिवारी मॅच आहे. हरणाऱ्या संघाच्या समर्थकाला टिकून राहायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पुढची मॅच. आणि शेजारी उभा राहून ती आठवण करून देणारं माणूस. मेजदांनी त्या रात्री मेसचं दार आतून लावलं, आणि दोन पोरांना रात्रभर पत्ते खेळायला बसवलं. बारिशालच्या गृहस्थांना त्यांनीच पत्ते पिसायला लावले. ते पाच गोलांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. याला मी निष्ठा म्हणतो. पण ही कोणी छापत नाही.

आठवण दंगा धुते. ज्याने बाटली फेकली तो पन्नास वर्षांनी ‘काय दिवस होते!’ म्हणतो. ज्याला बाटली लागली त्याला कोणी विचारत नाही, कारण तो त्यानंतर मैदानावर आलाच नाही. म्हणजे आठवणी सांगायला शिल्लक कोण राहतं? फेकणारा. तुम्ही कुठल्याही जुन्या समर्थकाच्या तोंडून त्या काळाच्या गोष्टी ऐका. मार खाल्लेला माणूस त्यात नेहमी ‘दुसरा कोणीतरी’ असतो. आणि बायका? त्या गॅलरीत त्या जवळजवळ नव्हत्याच. संध्याकाळी दिवा लावून, स्कोअर काय झाला असेल त्यावरून घरात काय होईल याचा हिशेब करणाऱ्या बायकांची आठवण कुठल्या स्मरणिकेत आहे? मेजदांच्या वहिनी मला एकदा म्हणाल्या, तुमचा मोहन बागान हरला की आमच्याकडे भात करपतो. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

हे सगळं बोललो तरी त्या काळाची ओढ मला आहे. असणारच. चोवीस-पंचविशीत जिथं पाय चिखलात रुतले तिथली ओढ कोणाला नसते? पण आवडलं म्हणून चांगलं होतं असं होत नाही.

१९७६. आता जरा बरं वाटेल असं सांगतो. (हशा) त्या वर्षी पी. के. बॅनर्जी, तेच ५-० वाले, ईस्ट बंगाल सोडून मोहन बागानकडे आले. हैदराबादचे दोन भाऊ, हबीब आणि अकबर, मोहमेडन स्पोर्टिंगमधून मोहन बागानमध्ये आले. दलबदलाचा हंगाम म्हणजे तेव्हा वेगळाच तमाशा. खेळाडूंना सही करेपर्यंत लपवून ठेवायचे, पहारा ठेवायचे, निवडणुकीनंतर आपल्याकडे आमदारांना ठेवतात तसे. २४ जुलैला लीगमधली ईस्ट बंगालविरुद्धची मॅच. सुरुवातीची शिट्टी झाली, उलगनाथनने चेंडू आत टाकला, हबीबने डोक्याने खाली दिला, अकबरने मारला. गोल. सतरावा सेकंद!

सतरा सेकंद. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते सतरा सेकंदांत आलं, आणि गॅलरीतल्या निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. कोणी तिकीट दाखवत होता, कोणी बसायला फळी पुसत होता, कोणी शेजाऱ्याला शेंगदाणे देत होता. सामना १-० असाच संपला, आणि त्या वर्षी लीगही मोहन बागानकडे आली. पण मी जेव्हा जेव्हा कलकत्त्याला गेलो आणि जुन्या मंडळींशी बसलो, तेव्हा तेव्हा तो गोल न पाहिलेला माणूस मला कमी-कमी भेटत गेला. सुरुवातीला दहातले पाच म्हणायचे, अहो, दिसलाच नाही. मग दोन. आता सगळ्यांनी पाहिलाय. अगदी स्पष्ट, हबीबच्या डोक्याचा कोन किती होता तेसुद्धा. मी स्वतः पाहिला का? मी त्या वेळी गेटवर होतो. मेजदा माझ्या पुढे होते, त्यांनीही पाहिला नाही. पण आतून जो आवाज आला त्यावरून ते म्हणाले, ‘हा आपला आहे.’ आवाजावरून गोल ओळखणं ही उंचवट्यावर अर्धं मैदान बघून कमावलेली विद्या.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पेले आले. न्यूयॉर्क कॉसमॉस विरुद्ध मोहन बागान, ईडन गार्डन्स, २-२. त्याबद्दल मी बोलणार नाही, त्यावर इतकं लिहिलं गेलंय की पेलेंनाही तेवढं आठवलं नसतं. त्या हंगामात शील्ड, रोव्हर्स, ड्युरँड तिन्ही मोहन बागानकडे आले. आणि ५-० मध्ये दोन गोल करणारा श्याम थापा तेव्हा कुठे होता? मोहन बागानमध्ये! चार गोल खाल्लेला भास्कर गांगुली? ईस्ट बंगालमध्ये, आणि पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडला भारताचा कप्तान. खेळाडूंनी बाजू बदलल्या. समर्थकांनी बदलल्या नाहीत. ज्या श्याम थापाच्या नावाने ७५ साली शिव्या दिल्या त्याच्याच नावाने ७८ साली घसा फोडला. समर्थकाच्या डोळ्यांना जर्सी दिसते; आतला माणूस फार उशिरा दिसतो.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. दहा मिनिटं घेतो.

१६ ऑगस्ट १९८०. मी तोपर्यंत बदली होऊन नागपूरला आलो होतो. ईडन गार्डन्सवर लीगमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल. दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसवलेले. उत्तरार्धात मोहन बागानचा बिदेश बोस आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांची जुंपली, दोघांनाही बाहेर काढलं. मैदानावर ते तिथंच संपलं. स्टँडमध्ये सुरू झालं. आधी दगड, बाटल्या, मग पळापळ, मग जिन्यांवर चेंगराचेंगरी. सोळा जण मेले. बहुतेक तरुण. त्यांच्यापैकी कोण घोटी आणि कोण बांगाल, हे शवागारात कसं ओळखायचं? मन्ना डेंनी, त्याच मोहन बागानच्या मन्ना डेंनी, मग खेळ बघायला गेलेल्या मुलावर एक गाणं गायलं. बंगालमध्ये ते आजही लागलं की माणसं रेडिओ बंद करतात किंवा मोठा करतात, मधलं काही करत नाहीत.

हे सोळा जण अचानक मेले असं म्हणू नका. ७० पासून दहा वर्षं आपण जे ‘काय दिवस होते’ म्हणतो, त्या दिवसांतूनच हा दिवस आला. घोड्याखाली मोडलेली रांग, टेन्टला घातलेला वेढा, गंगेतली होडी, आणि त्या प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर झालेला हशा. मी टपरीवर हसणाऱ्यांत होतो. व्यवस्थेचा दोष तर होताच: तिकिटं कोणी कशी विकली, जिने किती अरुंद, पोलीस कुठे होते. पण नुसत्या व्यवस्थेवर टाकून मोकळं होता येत नाही. आता १६ ऑगस्टला तिथे फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात, रक्तदान करतात. १९८४ मध्ये सॉल्ट लेक स्टेडियम झालं, डर्बी, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना, तिकडे गेली. लाकडी गॅलरीतलं फुटबॉल हळूहळू मागे पडलं. रोव्हर्स कपही २००० नंतर बंद पडला, आणि त्याबद्दल मुंबईत कोणी डोळे पुसले असं मला आठवत नाही.

आता तो तिसरा मुद्दा. मुद्दा नाहीच, बातमी आहे. ऑगस्ट २०२४. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि कलकत्ता रस्त्यावर आलं. १८ ऑगस्टला सॉल्ट लेकवर ड्युरँडची डर्बी ठरलेली होती. पुरेसे पोलीस देता येणार नाहीत म्हणून ती रद्द झाली. रद्द झालेल्या मॅचला समर्थक आले! हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी, मोहमेडनचे काळे-पांढरेही, स्टेडियमच्या बाहेर एकत्र, न्याय मागत. मोहन बागानवाल्याच्या खांद्यावर ईस्ट बंगालवाला बसलाय, असा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मॅचला द्यायला नव्हते तेवढे पोलीस तिथे होते, असं लोक म्हणाले.

मी रात्री मेजदांना फोन लावला. त्यांचं वय आता नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं, नातू फोन धरतो. मी ओरडून विचारलं, पाहिलंत का टीव्हीवर? घोटी-बांगाल एका खांद्यावर! तिकडून बराच वेळ काही नाही. मग आवाज आला. ‘पाहिलं. चांगलं झालं. पोरांनी चांगलं केलं.’ आणि पुन्हा थोडा वेळ थांबून, ‘पण मॅच व्हायला हवी होती रे. यंदा आपली टीम चांगली आहे. दोन गोलांनी तरी मारलं असतं.’

तुमचे प्रश्न असतील तर विचारा. गाडीला अजून तास आहे.